फिटनेसचा कागद हातात, पण अकरा वाजले की डोकं बंद

विचारणा थोडक्यात अशी: वय ३९, कोल्हापूरजवळ गोकुळ शिरगावच्या एका मशीन शॉपमध्ये व्हीएमसी सेटर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या कटिंग मशीनवर हत्यारं आणि जॉब (घडवायचा तुकडा) बसवून मापं भरणारा. डोक्यात डाव्या बाजूला, पुढच्या भागात गाठ निघाली, ऑपरेशन झालं. रिपोर्ट ऑलिगोडेन्ड्रोग्लिओमा (मेंदूतली हळू वाढणारी गाठ), ग्रेड २. रेडिएशनची ३० सिटिंग संपून दोन महिने झाले, आता महिन्यातून पाच दिवस केमोच्या गोळ्या. फिट दोनदा आली. एक गाठ कळली तेव्हा, दुसरी ऑपरेशननंतर महिनाभराने. डॉक्टरांनी फिटनेस दिलाय आणि मालक विचारतायत, कधी येतोस. सकाळी बरं असतं, अकरानंतर डोकं बंद पडतं, बोलताना शब्द सापडत नाहीत. बायको म्हणते वर्षभर घरी बसा, आई म्हणते डोक्याला ताप नको. कामावर जाऊ का? कंपनीत किती सांगू? गाडी चालवू का?

दादा, आधी उत्तर सांगते, मग कारणं. कामावर जा. पण सेटर म्हणून नको, पूर्ण शिफ्टला नको, आणि मोटरसायकलवरून तर अजिबात नको.

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. आजारातून उठलेल्या माणसाला त्याच्या रोजच्या कामापर्यंत नेऊन सोडायचं, हे माझं काम. २२ वर्षं कोल्हापुरात हेच करतेय. डोक्याचं ऑपरेशन झालेले, लकवा मारलेले, हायवेवर गाडीवरून पडून डोक्याला मार लागलेले, सगळे येतात आणि सगळ्यांचा प्रश्न शेवटी तुमचाच असतो.

आपल्याकडे ‘फिट’ हा शब्द दोन्ही बाजूंनी अडचणीत आणतो. फिट आली म्हणून घरी बसायचं आणि फिट आहे म्हणून कामावर जायचं. तुमच्या सर्जननी कागदावर लिहिलंय ते खोटं नाही. जखम भरलीय, हातापायात ताकद आहे, स्कॅन ठीक आहे, हे त्यांनी पाहिलं. पण ओपीडीत तुम्ही त्यांच्याशी दहा मिनिटं बोललात, तेही बहुतेक सकाळी. अकरानंतरचे तुम्ही त्यांना भेटलेलाच नाही. त्यामुळे ‘ड्युटीवर जाण्यास हरकत नाही’ या एका ओळीवर आठ तास मशीनसमोर उभं राहू नका. पुढच्या भेटीला त्यांना तुमचं काम नेमकं काय आहे ते सांगा. सेटर म्हणजे काय, हे बऱ्याच डॉक्टरांना माहीत नसतं. मलाही नव्हतं.

अकराचं कोडं आधी सोडवू. रेडिएशन संपलं की थकवाही संपला, असं होत नाही. उलट संपल्यानंतर साधारण चार ते सहा आठवड्यांनी काहींना झोपेची लाटच येते. जेवताना पेंगतात, दिवसच्या दिवस झोपून काढतात. ती ओसरते, पण मागे राहिलेला थकवा काही महिने रेंगाळतो. त्यात डेक्सामेथासोन (मेंदूची सूज उतरवणारं स्टेरॉइड) बराच काळ चालू असेल तर मांड्यांतली ताकद जाते. जिना चढताना किंवा उकिडवं बसून उठताना हात टेकावे लागत असतील तर डॉक्टरांना जरूर सांगा. ती गोळी मात्र मनाने बंद करू नका, ती हळूहळूच उतरवतात. फिटच्या गोळीनेही झोप येते. लेव्हेटिरासिटॅम असेल तर काहींची चिडचिड वाढते. वहिनींना विचारा, त्या खरं सांगतील. रक्ताची तपासणी, झोप आणि मन उदास आहे का, हेही एकदा डॉक्टरांकडून पाहून घ्या.

हे सगळं पाहूनही जो थकवा उरतो तो वेगळ्या जातीचा असतो. उसाची मोळी उचलून आलेला थकवा जेवून झोपलं की जातो. हा लक्ष देण्याचा थकवा आहे. कंप्रेसरचा आवाज, शेजारच्या मशीनचा अलार्म, हेल्परची हाक हे सगळं बाजूला सारून समोरच्या जॉबवर नजर ठेवायची, हे पूर्वी तुमचं डोकं तुम्हाला न कळवता करत होतं. आता त्याला प्रत्येक वेळी मुद्दाम करावं लागतं. अकरापर्यंत दिवसाची शिल्लक संपते.

काही वर्षांपूर्वी तुमच्याच धंद्यातला एकजण माझ्याकडे आला. म्हणाला, “मॅडम, मला काही झालेलं नाही, एक सही द्या.” मी त्याला टेबलावर वीस टर्न केलेल्या पिना, एक व्हर्निअर (बारीक मापं घ्यायची पट्टी) आणि कोरा कागद दिला. साडेनऊला वीसच्या वीस मापं बरोबर. मग तासभर ड्रॉइंग वाचायला दिलं, रेडिओ लावला, मध्येमध्ये फोन वाजू दिला. सव्वाअकराला त्याच पिना पुन्हा मोजायला दिल्या. तीन चुकल्या. दोन ठिकाणी आकडे उलटे झाले होते, २४.६८ चं २४.८६. एका ठिकाणी दशांशाचा ठिपकाच नव्हता. मी विचारलं, कसं झालं? “एकदम ओके.” चुका झाल्या याची मला तितकी काळजी वाटली नाही. चुका झाल्यात हे त्याला कळलं नव्हतं, ते जास्त वाईट होतं. कागद दाखवल्यावर तो बराच वेळ गप्प बसला, आणि मग त्यानेच मला शिकवलं की बऱ्याच फॅनुक कंट्रोलवर (मशीनच्या कॉम्प्युटरवर) ठिपका राहिला तर आकडा मायक्रॉनमध्ये धरला जातो. १० मिलिमीटरऐवजी ०.०१०. टूल ऑफसेटमध्ये, म्हणजे हत्याराच्या मापाच्या आकड्यात, हे झालं तर काय होतं, ते तुम्हाला सांगायला नको.

हीच परीक्षा तुम्ही घरी घ्या. दहा दिवस एक वही ठेवा. शिफ्टला जायचं असल्यासारखं त्याच वेळेला उठा, आंघोळ करा, डबा भरा. नऊला वीस मापं घ्या, अकराला वीस, दुपारी तीनला वीस. व्हर्निअर नसेल तर जुन्या लाइट बिलांवरचे ग्राहक क्रमांक उतरवून काढा. चुका मोजायचं काम मुलांना द्या, त्यांना बापाच्या चुका काढायला आवडतं. शेजारी झोप किती झाली, गोळी वेळेवर घेतली का आणि अंगात किती दम आहे (शून्य ते दहा) एवढंच लिहा. दहा दिवसांनी वहीतून दोन गोष्टी कळतील. चुका कुठल्या वेळेपासून सुरू होतात, आणि वीस मिनिटं डोळे मिटून पडलं की त्या कमी होतात का. दुसऱ्याचं उत्तर ‘होय’ आलं तर निम्मं काम झालं, कारण मग मालकाकडे काय मागायचं ते तुम्हाला ठरलेलं असेल: साडेदहाला वीस मिनिटं आणि एक शांत कोपरा.

शब्दांबद्दल. डाव्या बाजूला पुढच्या भागात बहुतेकांच्या बोलण्याचं कामकाज चालतं, त्यामुळे हे अनपेक्षित नाही. “ते हे दे रे, ते गोल फिरवायचं” असं होतं, आणि समोर मशीनचा चक दिसत असतो. असं झालं की घाई करून भलताच शब्द टाकू नका. “थांब, शब्द शोधतोय” म्हणा. लोक थांबतात. अडचण फोनवर आणि गोंगाटात जास्त येते, म्हणून शिफ्ट बदलताना तोंडी निरोप देण्याऐवजी लिहून द्या, आणि तुम्हालाही लिहूनच मागा. स्पीच थेरपिस्टकडे जायला लाजू नका. फक्त जाताना त्यांना कोल्हापूरचं बोलणं समजतं ना तेवढं बघा. हे गंमत म्हणून सांगत नाही. बाहेरून आलेल्या एका शिकाऊ मुलीने माझ्या एका पेशंट बाईंच्या कागदावर ‘लिंगाच्या चुका, व्याकरण बिघडलेलं’ असं लिहून ठेवलं होतं. बाई म्हणत होत्या, “मी आलो, जेवलो, आता जातो.” त्या जन्मभर तशाच बोलत होत्या. त्यांची आई तशीच बोलायची, आणि घरी गेले की मीही तशीच बोलते.

डाव्या फ्रंटलचं, म्हणजे त्याच पुढच्या भागाचं, आणखी एक, जे तुम्ही लिहिलेलं नाही, पण असू शकतं. काम येत असतं, करायची इच्छाही असते, पण सुरुवातच होत नाही. माणूस चहाचा कप हातात धरून बसून राहतो. घरच्यांना तो आळस वाटतो. असं होत असेल तर पहिलं पाऊल बाहेरून मिळू द्या: मोबाइलचा गजर, भिंतीवरचा कागद, नाहीतर सहकाऱ्याची हाक. एकदा सुरू झालं की पुढचं काम चालतं.

आता मशीन. इथे मी तडजोड करत नाही. दुसरी फिट ऑपरेशननंतरची आहे, म्हणजे धोका अजून आहे. व्हीएमसीला दार असतं, उघड्या लेथच्या चकपेक्षा ते बरंच सुरक्षित. पण किती ठिकाणी दाराच्या सेन्सरला जंपर मारून (तार जोडून सेन्सर चुकवून) दार उघडं ठेवून सेटिंग चालतं, ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त पाहिलंय. शिडी, क्रेनखालची जागा, पॉवर प्रेस, ग्राइंडर, फाउंड्री असेल तर भट्टीजवळची जागा, हे सगळं तूर्त बंद. कुठपर्यंत बंद, ते तुमचे न्यूरोसर्जन किंवा न्यूरॉलॉजिस्ट ठरवतील, आणि तेही तोंडी नको, लेखी घ्या. नाइट शिफ्ट तर मी सगळ्यात आधी काढायला लावते. अपुरी झोप, चुकलेली गोळी, ताप आणि दारू, फिटला निमंत्रण देणारे हे चार पाहुणे. सेकंड शिफ्ट करून रात्री एकला घरी आणि सकाळी मुलांच्या शाळेसाठी सहाला उठणं, हेही नाइटसारखंच धरा.

गाडीचं वाईट वाटतंय, कळतं. गोकुळ शिरगावला जायचं म्हणजे हायवे, आणि बाजूने ऊस भरलेले ट्रॅक्टर. पण केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या फॉर्म १ मध्ये लायसन्स घेणाऱ्याला सरळ विचारलेलं आहे: अपस्मार किंवा अचानक शुद्ध हरपण्याचा, चक्कर येण्याचा त्रास आहे का? तुमचं आजचं उत्तर ‘होय’ आहे. अपघात झाला तर विमा कंपनी पहिली तुमची फाइल मागेल. कायदा बाजूला ठेवला तरी मागे मुलगा बसलेला असताना काय होईल, तेवढंच मनात आणा. कंपनीची बस, केएमटीची सिटी बस, नाहीतर त्याच शिफ्टचा एखादा शेजारी. शेजाऱ्याबरोबर जाणार असाल तर पेट्रोलचे पैसे पहिल्याच दिवशी ठरवून टाका, म्हणजे तिसऱ्या आठवड्यात संकोच होत नाही.

कंपनीत किती सांगायचं? फाइल दाखवायची गरज नाही. ‘ग्रेड’ हा शब्दही उच्चारू नका, घरी जाऊन लोक मोबाइलवर शोधतात आणि दुसऱ्या दिवशी तुमच्याकडे वेगळ्या नजरेने बघतात. पण फिट लपवू नका. मालकाला किंवा एचआरला एक पान द्या, साधारण असं:

“माझ्या डोक्याचं ऑपरेशन झालं असून उपचार चालू आहेत. डॉक्टरांनी कामावर येण्यास परवानगी दिली आहे. पहिले सहा आठवडे मला फर्स्ट शिफ्टमध्ये, कमी वेळ, चालत्या मशीनपासून दूर काम मिळावं. इन्स्पेक्शन, टूल रूम, प्रोग्राम तपासणं किंवा नव्या मुलांना ड्रॉइंग शिकवणं ही कामं मी करू शकतो. दर महिन्याला गोळ्यांचे पाच दिवस आणि तपासणीचा एक दिवस सुट्टी लागेल, तारखा आधी कळवीन. सहा आठवड्यांनी डॉक्टरांचा नवा कागद आणून पुढचं ठरवू.”

काय जमणार नाही यापेक्षा काय जमेल हे जास्त लिहिलंय, मुद्दाम. छोट्या शॉपचा मालक स्वतःच मशीनवर वाढलेला असतो, त्याला ‘रिहॅबिलिटेशन’ कळत नाही. पण जुना अनुभवी माणूस रिजेक्शन कमी करून देणार असेल, तर ते त्याला लगेच कळतं.

शिफ्टमधल्या दोघांना मात्र नीट शिकवून ठेवा. फिट आली तर कुशीवर वळवायचं, डोक्याखाली हातरुमाल किंवा शर्ट, आजूबाजूची लोखंडी वस्तू सरकवायची, घड्याळ बघायचं. तोंडात चमचा, बोट, पाणी काही नाही. हातपाय दाबून धरायचे नाहीत. कांदा आणि चप्पल हुंगवायची नाही. कोल्हापुरात चप्पल सगळ्यात आधी निघते म्हणून हे वेगळं सांगितलं. पाच मिनिटांत थांबली नाही किंवा शुद्धीवर न येता दुसरी आली, तर १०८ किंवा मिळेल ती गाडी.

पहिला आठवडा किती तासांचा? एक दिवसाआड, सकाळी तीन तास. हे तुम्हाला फारच कमी वाटेल आणि पहिल्या दिवशी तुम्ही चांगले असाल, म्हणाल मी जेवणाच्या सुट्टीपर्यंत थांबतो. थांबू नका. हे मी माझ्याच चुकीतून शिकले. सुरुवातीच्या वर्षांत एका पतसंस्थेचे पिग्मी एजंट (दुकानोदुकानी रोजची बचत गोळा करणारे) माझ्याकडे होते, मेनिंजिओमाचं, म्हणजे मेंदूच्या आवरणातल्या गाठीचं, ऑपरेशन झालेले. गाठ साधी, तब्येत धडधाकट, हिशोब तोंडपाठ. मी दुसऱ्याच आठवड्यात पूर्ण लाइन (रोजचा फेरा) फिरायला परवानगी दिली. गाडी बंद होती, म्हणून ते चालत. सोमवार-मंगळवार छान गेले. गुरुवारी एका दुकानदाराची रक्कम दुसऱ्याच्या पुस्तकात चढली, शनिवारी पुन्हा. पैसे एक रुपयाही कमी नव्हते, पण पिग्मीचा धंदा विश्वासावर चालतो, आणि पेठेत बोलणं पसरायला दोन दिवस पुरतात. मग आम्ही लाइन कापून फक्त जवळच्या गल्ल्या ठेवल्या. दर दहा दुकानांनंतर एका ओळखीच्या पायरीवर बसून बेरीज जुळवायची. पूर्ण लाइन परत यायला पाच महिने लागले. आधीच कापली असती तर त्यांना ते टोमणे ऐकावे लागले नसते.

त्या हिशोबाने तुम्ही वेळ वाढवा, पण एका वेळी एकच गोष्ट: आधी दिवस, मग तास, सगळ्यात शेवटी अवघड काम. आणि वाढ दुसऱ्या दिवशीच्या सकाळवरून ठरवा. संध्याकाळी थकणं चालेल. पुढच्या सकाळीही थकवा उतरला नसेल, तर आदला दिवस जास्त झाला.

गोळ्यांच्या पाच दिवसांत मळमळ असते, ते तुम्हाला कळतंच. पण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात रक्तातल्या पेशी खाली जातात, तेव्हा तुम्हाला वरून काहीच जाणवत नाही. त्या दिवसांत ताप आला तर ‘बघू उद्या’ नको, त्याच दिवशी दवाखाना. आणि एमआरआयचा आठवडा वेगळाच. तेव्हा झोप उडते, चुका वाढतात. त्या आठवड्यात नवीन काम अंगावर घेऊ नका आणि राजीनाम्याचा विचार तर करूच नका.

राजीनाम्यावरून पैसे आठवले. पगारातून ईएसआय (कामगार विम्याची वर्गणी) कापली जात असेल (सध्याची मर्यादा महिना २१,००० रुपये) तर साध्या आजारपणाचे ९१ दिवस असतात, हे सगळ्यांना माहीत असतं. त्यापुढचं फार थोड्यांना माहीत असतं. दीर्घ आजारांची ३४ नावांची यादी आहे, तिच्यात कवटीतल्या गाठीचा समावेश आहे. त्यासाठी पगाराच्या ८० टक्के रक्कम, जास्तीत जास्त दोन वर्षांपर्यंत मिळू शकते. नोकरीला सलग दोन वर्षं झालेली असावी लागतात आणि त्या काळात किमान १५६ दिवसांची वर्गणी भरलेली असावी लागते. एक खाच आहे: ज्या दिवशी तुम्ही काम करून पगार घेता, त्या दिवसाचा आजारपणाचा लाभ मिळत नाही. तीन तास काम करून अर्धा पगार आणि वर लाभ, असं जमत नाही. म्हणून हळूहळू रुजू होण्याच्या तारखा ठरवण्याआधी ईएसआयच्या कार्यालयात जाऊन बेरीज-वजाबाकी करून घ्या. पीएफमधून आजारासाठी उचल मिळते, त्यासाठी नोकरी सोडावी लागत नाही.

सरकारी नोकरीतले, झेडपीचे शिक्षक हे वाचत असतील तर त्यांच्यासाठी: नोकरीत असताना अपंगत्व आलं म्हणून काढता किंवा पद खाली आणता येत नाही, त्याच वेतनश्रेणीत दुसरं काम द्यावं लागतं, असं २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम २० मध्ये आहे. दादा, तुमच्या खासगी शॉपला ते कलम तसं लागू नाही. पण बोलण्यातली किंवा हाताची अडचण पुढेही राहिली, तर सीपीआर या कोल्हापूरच्या सरकारी रुग्णालयात तपासणी करून प्रमाणपत्र काढून ठेवायला हरकत नाही.

घरच्यांचं. आईंना सांगा, डोक्याला काम दिल्याने गाठ वाढत नाही. हे त्यांना डॉक्टरांच्या तोंडून ऐकवलंत तर बरं, लेकराचं म्हणणं आयांना पटत नाही. वहिनींची भीती मात्र खोटी नाही. त्यांनी ती पहिली फिट पाहिलीय, तुम्ही नाही पाहिली. त्यांचा वर्षाचा आकडा आणि मालकाची घाई यांच्या मध्ये वही ठेवा. आणि कामावर पहिल्या दिवशी केस आलेले, गाल भरलेले बघून पोरं म्हणतील, “भावा, तब्येत एक नंबर!” ते प्रेमाने म्हणतात. गाल बहुतेक स्टेरॉइडने भरलेले असतात, हे त्यांना समजावत बसू नका. “होय, पण साडेदहाला मी वीस मिनिटं पडणार” एवढं म्हणा आणि खरंच जाऊन पडा.

दहा दिवसांची वही पूर्ण झाली की जवळच्या ऑक्युपेशनल थेरपिस्टला दाखवा, आणि वेळ मुद्दाम साडेअकराची घ्या. वहिनींना बरोबर न्या. जाताना बसने जा.